दोन टाक्यांची मशीन

ताराबाईनं तेलाची रिकामी डबकी ओसरीवर अशी आपटली की खालच्या कोंबड्या फडफडत उडाल्या.

"घ्या! ठेवा आता डोक्यावर अन् नाचा! तीन घंटे उनात उभी होतो मी रेशनच्या लाईनीत. माहा नंबर आला त मले मनते, 'वरूनच नाई आलं तेल.' वरून मंजे कोठून? आभाळातून पडते का मातीचं तेल?"

तिचा नवरा श्यामराव खाटेवर बसून पॉलिश कागदानं एक प्लग घासत होता. त्यानं मान वर केली नाही. ताराबाईची नजर त्या प्लगवर गेली.

"हे काय करून राहिले?"

"प्लग साफ करून राहिलो."

"कोनाचा?"

"मशीनचा."

"कोनाच्या मशीनचा, ते इचारून राहिली मी!"

श्यामरावनं प्लगवर फुंकर मारली.

"भैय्यालालच्या! नाव घ्याले लाज वाटते का? तुमसरातून निवडून कोनं आनली ते मशीन? तुमी. माह्या चिमनीतलं तेल तिच्या पोटात कोनं घातलं? तुमीच! अन् आता तिचे दात घासून राहिले!"

आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, भिंती कुडाच्या. भांडण एका घरात, ऐकणारी चार घरं. मी पलीकडे दोर वळत बसलो होतो. उठून मध्ये पडावं असं वाटलं, पण पडलो नाही. बाई बोलत होती ते खरं होतं. आणि ती मशीन बैलबंडीवरून उतरवायला मीही हात लावला होता.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. आंबागडच्या किल्ल्याच्या अलीकडे आमची टोली. गावात वीज येऊन दहा वर्षं झाली होती. म्हणजे खांब येऊन. एक्केचाळीस घरांपैकी तारा गेल्या त्या पाच घरांत, आणि त्या पाच घरांतही लाईन दिवसातून चारदा जायची. बाकीच्यांना तिच्या जाण्यायेण्याचं सुखदुःख नव्हतं. आमचं सगळं मातीच्या तेलावर, रॉकेलवर, म्हणजे रेशनच्या दुकानावर, म्हणजे भैय्यालालवर.

भैय्यालालनं त्या वर्षी घरात टीव्ही आणला, फ्रिज आणला. लाईन गेली की दोन्ही मुकी. वर पोरीचं, विजयमालाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलेलं. बपेऱ्याचे पाहुणे, मोठे धानवाले. त्यांच्यापुढं लाईन गेली तर नाक जाईल. म्हणून त्यानं जनरेटर घ्यायचं ठरवलं. आता इंजिनातलं कळतं कोणाला? श्यामरावला. मँगनीजच्या खदानीत त्यानं सव्वीस वर्षं पाण्याचे पंप चालवले. छातीत धूळ भरली तेव्हा खदानीनं त्याला घरी पाठवलं. एरवी त्याला "शाम्या" म्हणणारा भैय्यालाल त्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "श्यामराव, चाल बाप्पा तुमसरले. तुह्याशिवाय कोन हाये मले?"

श्यामराव धुतलेला सदरा घालून गेला. बंडी माझी, म्हणून मीही गेलो.

दुकानदारानं तीन मशिनी दाखवल्या. पहिली डिझेलची. श्यामरावनं तिच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "ते नोको. तिले सिमेंटचा ओटा लागते. एकडाव बसली का हालत नाई. तुमाले आंगनात पायजे, कधी मांडवात पायजे. दोघं जन उचलतीन असी पायजे." दुसरी निव्वळ पेट्रोलची. छोटी, आवाज कमी, रंग लाल. भैय्यालालला रंग आवडला. तो तिच्यावरून हात फिरवायला लागला, जशी गाय घेतो आहे.

"शेठ, रंग नोका पाहू. घरी काय काय चालवता ते सांगा."

"टीव्ही. फ्रिज. चार टूबलाईट, दोन पंखे."

"मंग हे नाई चालत. फ्रिज सुरू होताना तिप्पट जोर वढते. बैल चिखलातून बंडी काढते तसा. ह्या मशीनचा दमच फुटन."

दुकानदार मान हलवत म्हणाला, "मिस्त्री को समझता है." श्यामरावची छाती फुगली. सव्वीस वर्षांत खदानीतल्या एका साहेबानं त्याला हे म्हटलं नव्हतं.

तिसरीला दोन टाक्या होत्या. वर वाटीएवढी लहान, खाली मोठी. मध्ये पितळेचा कॉक. श्यामरावनं तिचं झाकण उघडलं, वास घेतला, दोरी ओढून पाहिली, आणि त्याचे डोळे चमकले ते मी पाहिले.

"हे घ्या शेठ. लहानीत पेट्रोल टाकाचं. पेट्रोलवर सुरू कराची, पाच मिनिटं तापू द्याची. मंग कॉक फिरवला का मातीच्या तेलावर चालते. धुपट थोडं जास्त, जोर थोडा कमी, पन खर्चाले हलकी. येक ध्यानात ठेवा. बंद कराच्या आंधी कॉक परत पेट्रोलवर घ्याचा. नाई घेतला त नळीत मातीचं तेल राह्यते, अन् थंडी मशीन त्याच्यावर सुरू होत नाई. देव आला तरी नाई."

"अन् पेट्रोल किती लागन?"

"कपभर. पेट्रोलसाठी तुमसरले याव लागते, पन मातीचं तेल त तुमच्या घरीच हाये."

असं म्हणून श्यामराव हसला. भैय्यालालही हसला. मीही हसलो, तेही लिहून ठेवतो. तिघांपैकी एकानंही विचारलं नाही की घरी आहे ते तेल कोणाचं. श्यामरावनं आयुष्यभर टाकीत तेल पाहिलं, टाकी भरली आहे का एवढंच पाहिलं. ते कोठून येतं हे पाहणं त्याचं काम नव्हतं. खदानीनं माणसाला हेच शिकवलं.

मशीन आली आणि महिन्याभरात रेशनची लाईन लांब झाली, माप आखूड झालं. पाच लिटरच्या जागी दोन. मग एक. मग "वरून नाई आलं". आणि रोज संध्याकाळी लाईन गेली की भैय्यालालच्या अंगणात ती धडधड सुरू व्हायची. टोलीत अंधार, आणि त्या अंधारात आमचं तेल जळण्याचा आवाज. आवाज तरी कानावर येतच होता. वास पण यायचा.

ताराबाईचं काय अडलं होतं ते सांगतो. ती बिडी वळायची. दिवसा शेतात नाही तर जंगलात, दिवे लागले की सूप मांडीवर. हजार बिडी रोजची. सट्टेदार म्हणजे बिडीचा ठेकेदार आठवड्यानं यायचा, एकेक कट्टा उजेडात धरायचा, आणि तोंड ढिलं दिसलं, तंबाखू कमी वाटला की फेकून द्यायचा. त्याला छाट म्हणतात. चुलीच्या उजेडात वळलेल्या बिडीची छाटच जास्त. दोन हप्ते त्यानं तिची अर्धी बिडी फेकली आणि म्हणाला, "बाई, पुढच्या हप्त्यात असीच आली त बिडीचं कार्ड वापस घेतो. लाईनीत अजून दहा जनी हायेत." श्यामराव छातीनं बसलेला. त्या घरात त्या कार्डाशिवाय दुसरं काही नव्हतं.

म्हणून डबकी आपटली. म्हणून त्या दिवशी ती शेवटी म्हणाली, "तुमी त्या मशीनले आता हात लावाल त माह्या हातचं पानी नोका पिऊ," आणि प्लग उचलून उकिरड्यावर भिरकावला.

श्यामरावनं तो शोधायला उठून पाहिलंही नाही. प्लग जुना होता, फाजील होता. पण तो उठला नाही एवढं खरं.

चार दिवसांनी साक्षगंध. फागुनाचा उतार. धानाच्या बांध्या उन्हानं तडकलेल्या, वाऱ्यात मोहाचा गोड वास, पळसाची फुलं पायाखाली. अंगणात मांडव, मांडवात सहा टूबलाईट, मशीन तुळशीजवळ हार घालून ठेवलेली. खरंच हार घातला होता. दुपारी लाईन नव्हती तेव्हा मशीन चालवून फ्रिजमध्ये सरबत थंड केलं. तीनला लाईन आली. भैय्यालालला घाई. त्यानं धाडकन बटण दाबून मशीन बंद केली. कॉक जिथं होता तिथंच राहिला.

पाहुणे आले तेव्हा सूर्य किल्ल्याच्या मागं जात होता. गोरजाचा मुहूर्त. नवऱ्या मुलाचे वडील मोतीलाल लोडाला टेकले, सुपारी फोडायला घेतली, आणि लाईन गेली.

"फिकर नाई," भैय्यालाल हसून म्हणाला, "आपली मशीन हाये."

दोरी ओढली. फस्स. पुन्हा ओढली. फस्स. भाच्यानं ओढली, मोठ्या जावयानं ओढली. पाहुण्यांतला एक तरणा म्हणाला, "हे काय विहीर हाये का जी, दोरीच दोरी वढून राहिले?" मांडवात हशा पिकला. भैय्यालालचं धोतर घामानं ओलं.

"बोलवा श्यामरावभाऊले!"

त्या दिवशी तो भाऊ झाला.

श्यामराव आला. उकिडवा बसला. नळी सोडून हुंगली. "कॉक नाई फिरवला ना शेठ?"

"फिरवाचा राहून गेला रे बाप्पा. आता काय ते कर."

"नळीतलं तेल काढतो. प्लग पुसतो. मंग कपभर पेट्रोल टाका, लगेच सुरू होते."

भैय्यालालनं लहान टाकीत डोकावलं. कोरडी, होतं ते दुपारीच जळलं. पेट्रोलची बाटली काल फटफटीत ओतली होती, आणि फटफटी घेऊन पुतण्या तुमसरला पेढे आणायला गेलेला. घरात मातीच्या तेलाचा अख्खा ड्रम, आणि पेट्रोल कपभर नाही.

पाहुण्यांच्या दोन फटफट्या निंबाखाली उभ्या होत्या. नळी लावून कपभर काढलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. श्यामरावनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मांडवाच्या कडेला बायकांत उभ्या असलेल्या ताराबाईकडं पाहिलं. मग हात पुसले आणि म्हणाला, "मंग आज नाई होत."

आमच्याकडं एक रीत आहे. विजेच्या आधीची. कोणाच्या घरी कार्य असलं की कोतवाल हाक देतो आणि घरोघरचा कंदील मांडवात जातो. वैर असलं तरी जातो. कार्य संपलं की त्या घरानं प्रत्येक कंदील तेलानं भरून परत करायचा. दहा वर्षांत ती हाक कोणी दिली नव्हती.

भैय्यालालनं कपाळ पुसलं. "गुलाब, हाक दे."

गुलाब कोतवाल गल्लीतून ओरडत गेला, "कंदील आना वोऽऽ, शेठच्या मांडवात कंदील आना!"

सगळे आले. एक घर चुकलं नाही. देवकाबाई, ऐंशीची, काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. माझाही कंदील होता. बायकांनी एकेक कंदील मांडवाच्या बल्लीला टांगला. चाळीस कंदील. काचा पुसलेल्या, वाती कातरलेल्या. आणि एकही पेटलेला नाही.

"पेटवा ना!" भैय्यालाल म्हणाला.

कोणी हललं नाही. मोतीलालनं जवळचा कंदील हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही. त्यानं दुसरा हलवला.

"हे त खाली हायेत."

"खालीच हायेत, पाहुनेबुवा," देवकाबाई म्हणाली. "रीत हाये मनून कंदील आनला. तेल कोठून आनू? तेल त ह्याच्याच घरी हाये."

"ए बुढे, तोंड सांभाळ!"

"तोंडात दात नाई राह्यले, काय सांभाळू बापू?"

ताराबाई पुढं आली. आवाज चढवला नाही तिनं, म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेला. "शेठ, मंगळवारी मले सांगतलं, वरून नाई आलं. त मंग मशीनजवळचा तो ड्रम कोनाचा? आज कार्य हाये, आमी भांडाले नाई आलो. रीत सांगाले आलो. कार्यवाल्यानं कंदील भरून द्याचा. भरा."

भैय्यालाल ड्रमच्या आड येऊन उभा राहिला. मुहूर्त किल्ल्यामागं बुडत होता. तेवढ्यात त्याची बायको दुर्गाबाई घरातून बाहेर आली. हातात माप आणि नरसाळं.

"माही पोरगी अंधारात उभी हाये," ती नवऱ्याला म्हणाली. "उघडा ड्रम. नाई त मी उघडतो."

त्यानं उघडला. भरजरी उपरणं घालून रेशन दुकानदार भैय्यालाल खाली बसला आणि पाहुण्यांसमोर एकेक कंदील भरू लागला. माप पूर्ण भरतं का हे पाहायला देवकाबाई त्याच्या डोक्याशी उभी. "अजून घाल. अजून. गळ्यापावतर." चाळीस कंदील भरले तेव्हा ड्रम वाजायला लागला. मांडव असा उजळला की टूबलाईटच्या बापाला जमलं नसतं. विजयमालाच्या ओटीत सुपारी पडली. बाईमाणसांनी ओव्या म्हटल्या. पोरीशी आमचं वैर नव्हतं.

आता वाटलं, मोतीलाल चिडेल. सोयरा चोर निघाला म्हणून लग्न मोडेल. कसचं काय. जेवणं झाल्यावर तो हात धुऊन मशीनजवळ गेला, दोन्ही टाक्यांवर टिचकी मारली आणि श्यामरावला जवळ बोलावलं.

"मिस्त्री, बपेऱ्यात रेशनचं दुकान माह्या भावाचंच हाये. आमच्याही अठी लाईन राह्यत नाई. तुमसरले चाल माह्यासंगं, असीच एक निवडून दे."

म्हणजे तिथंही चाळीस घरं. तिथंही कोणी बाई सूप मांडीवर घेऊन चुलीच्या उजेडात बसलेली.

श्यामराव खोकला. खूप वेळ खोकला. मग म्हणाला, "तुमसरात एक लाल मशीन हाये, निव्वळ पेट्रोलवाली. तेच घ्या. दोन टाक्यांची मशीन लय वंगाळ. ऐन कार्यात धोका देते. पाह्यलं ना तुमी?"

"हे त खरं," मोतीलाल म्हणाला.

उभ्या आयुष्यात श्यामरावनं इंजिनाबद्दल सांगितलेली ही पहिली खोटी गोष्ट.

बायका आपापले कंदील घेऊन निघाल्या. मांडवाच्या तोंडाशी ताराबाई थांबली, काच वर केली आणि फुंकर मारली. मागच्या बाईनंही मारली. तिच्या मागचीनं मारली. गल्लीत एकेक करून चाळीसही कंदील विझले. पायाखालची वाट सगळ्यांच्या ओळखीची होती, आणि तेल बिडी वळायला लागणार होतं.

"धरा," अंधारात ताराबाई नवऱ्याला म्हणाली. "हलवू नोका. सांडन."

श्यामरावनं दोन्ही हातांनी कंदील धरला, आणि घरापर्यंत तसाच धरून नेला.