आपल्याच दारात पाहुणी

सोडतीत घर लागलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंना घराहून जास्त शेजाराचा आनंद झाला होता. पावर हाउस स्टेशनजवळची रुळालगतची वस्ती उठली आणि सरकारनं कुम्हारीच्या वाटेवर बांधलेल्या चारमजली इमारतींत लोकांना घरं दिली. कुणाला कुठलं, ते चिठ्ठीनं ठरलं. सगळ्या जातीधर्माची माणसं एकाच जिन्यानं चढू-उतरू लागली म्हणजे भेदभाव आपोआप मिटेल, असं मोठे साहेब भाषणात म्हणाले होते. अन्नपूर्णाबाईंना ए ब्लॉकमध्ये दुसरा मजला मिळाला, आणि समोरच्या दारात विजयाबाई, भंडाऱ्याकडच्या! जन्म गेला बाजारात हिंदी बोलण्यात. आता दार उघडलं की मराठी बोलणारी बाई समोर.

"या ना चहाले," विजयाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या सहज डोकावल्या आणि भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो पाहून गेल्या. ते चहाचं बोलावणं मग पुन्हा काही निघालं नाही.

हिवाळ्यात गच्चीवर बायका कोहळ्याच्या वड्या घालायला बसल्या. अन्नपूर्णाबाईही जाऊन बसल्या, हात चांगला चालत होता त्यांचा. कुणी हटकलं नाही. वड्या वाळल्यावर त्या वर गेल्या तर विजयाबाईंनी अंथरलेल्या लुगड्यावर फक्त त्यांच्या हातच्या ओळी उरल्या होत्या. बाकीच्या वड्या त्या ओळींच्या कडेकडेनं उचलून नेल्या होत्या. अन्नपूर्णाबाई त्या वाळक्या ओळींकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी लुगडं झटकलं, नीट घडी करून विजयाबाईंच्या दारावर टांगलं आणि घरात जाऊन कडी लावली.

त्यानंतर ब्लॉकचा सेक्रेटरी ओमप्रकाश आला, तो अन्नपूर्णाबाईंचे यजमान भाऊराव यांच्याकडे. गोड बोलला. "दादा, सी ब्लॉक में आपके लोग हैं, वहाँ मन लगेगा. मेरा साला वहाँ से यहाँ आ जाएगा. घर का घर से बदला, किसी को क्या?"

सी ब्लॉक नाल्याकडेला होता. ए आणि बी ब्लॉकमधून एकेक करून निघालेले सगळे तिथंच जमले होते.

"कावून जाऊ आपण?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "चिठ्ठी आपल्या नावाची निघाली."

"रोज मान खाली घालून जिना चढून राहिलो मी," भाऊराव म्हणाले. "थकलो. तुले भांडाचं असन तर तू भांड."

त्या एकट्या कुणाकुणाशी भांडणार? सामान हातगाडीवर गेलं. अशी अदलाबदल नियमात बसत नव्हती, म्हणून सरकारदरबारी अन्नपूर्णाबाई ए ब्लॉकमध्येच राहत होत्या.

तेच पुढं ओमप्रकाशच्या कामी आलं. घरं देणाऱ्या सरकारी विभागानं समानता सप्ताह काढला. ज्या ब्लॉकमध्ये सगळ्या समाजाची माणसं गुण्यागोविंदानं राहतात त्याला सन्मानपत्र मिळणार होतं, आणि पाहणीला विभागाच्या मॅडम येणार होत्या.

"अम्मा, बस थोड़ी देर अपने घर में बैठना है," ओमप्रकाश म्हणाला. "नहीं तो मैडम पूछेगी घरवाले कहाँ हैं. फिर आपका भी जाएगा, हमारा भी."

अन्नपूर्णाबाई गेल्या. बुद्धाचा फोटो सोबत आणायला सांगितलं होतं. ओमप्रकाशच्या मेव्हण्यानं आपलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि तो फोटो स्वतःच्या हातानं तिथं लावला. लोकांसाठी खुर्च्या मांडल्या. विजयाबाई नवी साडी नेसून अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या, अगदी खांद्याला खांदा लावून.

मृणाल मॅडम वयानं लहान होत्या, आणि मराठी होत्या. "काकू, तुमच्या हातचा चहा घेणार मी," त्या म्हणाल्या. अन्नपूर्णाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. एक डबा उघडला, त्यात बेसन. दुसरा उघडला, त्यात हळद. तिसऱ्यात हात घालणार तोच मागून आवाज आला.

"तुमच्या घरात साखर कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही?"

मॅडम दारात उभ्या होत्या. अन्नपूर्णाबाईंना रडू आलं नाही, उलट छातीवरचा दगड सरकल्यासारखं झालं. "बाई, मी इथं राहतच नाही. आमाले काढलं इथून. तोंडानं कोनी जा नाही म्हटलं, पन काढलं."

मॅडमनी बाहेर पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "काकू, हे मी ऐकलं तर मला लिहावं लागेल. नियमात अदलाबदलीला बंदी आहे, कुणी काढलं त्याबद्दल काही नाही. तुमचं घर रद्द होईल. ह्यांना दुसरीकडे मिळेल काहीतरी. तुम्ही कुठे जाल?"

"मग तुमाले ऐकू आलं का नाही?"

मॅडमनी वरच्या फळीवर हात घातला, साखरेचा डबा सापडला, तो अन्नपूर्णाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि त्या बाहेर गेल्या.

चहा झाला. विजयाबाईंनी कप उचलला, फोटोवाला समोर होता. औषध घ्यावं तसा त्यांनी एक घोट घेतला. "आम्ही बहिणीसारख्या राहतो," त्या म्हणाल्या. मॅडमनी अन्नपूर्णाबाईंना विचारलं, काही त्रास? त्या म्हणाल्या, "नाही."

सन्मानपत्र ए ब्लॉकच्या जिन्यात लागलं. सी ब्लॉकमध्ये भाऊरावांनी विचारलं, "काय म्हणाली मॅडम?"

"चांगली बाई हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "समजलं तिले सगळं." मग फोटो पुसून भिंतीवर लावला.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला ओमप्रकाश म्हणाला, "नातीन को भी ले आना अम्मा, बच्चे के साथ फोटो अच्छा आता है."

नात आतून ऐकत होती. नवा फ्रॉक घालायचा म्हणून उठलीसुद्धा.

"मी येतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ते पोरगी नाही येनार."

"क्यों अम्मा?"

"तिले खोटं राहनं अजून शिकवलं नाही मी." त्यांनी फोटो उतरवला, पदरात गुंडाळला आणि पोरगी रडत असताना तिला घरात ठेवून त्या ए ब्लॉककडे निघाल्या.