दावं

धंदा विकून टाका असं पहिल्यांदा वैजयंती म्हणाली आणि दुसऱ्यांदा गोरक्षचा डावा गुडघा म्हणाला. बायकोचं त्याने दोन वर्षं कानाआड केलं होतं. गुडघ्याचं ऐकावं लागलं, कारण वैशाखात आळेफाट्याच्या एका लग्नाच्या लॉनवर भर दुपारी तो आखडला आणि मांडववाल्या पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून मालकाला टेम्पोत बसवलं. नवरदेवाच्या मामाने त्याला पाहुणा समजून वर एक ग्लास मठ्ठाही दिला.

गोरक्षचा धंदा हिरवळ राखायचा. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना लग्नाची लॉन्स झाली, डिंभ्याच्या पाण्याकडेला पुण्यामुंबईच्या लोकांची फार्महाऊस झाली, घाटघरकडे रिसॉर्ट निघाली. जिथं जिथं गवत नुसतं बघायला लावलेलं असे, तिथं गोरक्षची माणसं असत. लावणं, पाणी, खत, कापणी, तण काढणं, सगळं त्यांच्याकडे. एका जुन्या मशीनवर सुरू केलेल्या धंद्यात आता टेम्पो होता, चांगली मशीनं होती आणि सांगितल्या वेळेला येणारी माणसं होती, जी गोष्ट हल्ली टेम्पोपेक्षा दुर्मिळ आहे.

त्याच्या आईला, तानूबाईला, हा धंदा कधी पटला नाही. तिचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. गवत वाढवायचं, कापायचं आणि टाकून द्यायचं, खाणारं कोणी नाही, याला काय म्हणायचं, असं ती घरी येईल त्या पाहुण्याला विचारायची. पाहुणा हसून चहा प्यायचा. गोरक्षही हसायचा, पण ते बोलणं त्याला कुठंतरी लागायचं.

गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. गावातल्या कुंडलिकआण्णांचा शौर्य शेतीची पदवी घेऊन पुण्यात एका बागवाल्याकडे नोकरी करत होता, तो परत आला आणि सरळ घरी येऊन म्हणाला, काका, तुम्ही देणार असाल तर मी घेतो. आण्णा म्हणजे गावातले जुने जमीनदार. उन्हाळ्यात गोरक्षच्या बापाची, नवसूची, मेंढरं त्यांच्याच वावरात बसायची. वावराला खत व्हायचं आणि नवसूच्या घरात ज्वारी यायची. आता वावरवाल्याचा पोरगा मेंढरंवाल्याच्या पोराचा धंदा मागायला आला, यावर गावाने दोन दिवस चघळण्यासारखं खूप काही काढलं आणि तिसऱ्या दिवशी बिबट्याने कोणाची तरी कालवड नेली म्हणून विसरून गेलं.

बोलणी आण्णांच्या पडवीत झाली. तुळशीच्या लग्नापासून पाडव्यापर्यंत शौर्यने धंदा चालवून बघायचा. दोघांना मानवलं तर पाडव्याला सह्या, नाही तर ज्याचं त्याला. मशीनं, टेम्पो, माणसं, गिऱ्हाइकं, सगळ्याला गोरक्ष हो म्हणत गेला. शेवटी शौर्य म्हणाला की तुमचा मोबाईल नंबरही लागेल, सगळी गिऱ्हाइकं त्यावरच फोन करतात. गोरक्षचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"जनावर देतो," तो म्हणाला. "दावं देत न्हाई."

शौर्यच्या काही ध्यानात आलं नाही. आण्णांच्या लगेच आलं आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. बाजारात बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घरी नेतो. घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलेलं. त्याचं बरोबर आहे, तू तुझा नंबर घे, असं आण्णांनी पोराला सांगितलं आणि टेम्पोवर नवा नंबर रंगवायचं ठरलं. गोरक्ष घरी आला तो एखादी कुस्ती मारल्याच्या तोऱ्यात. वैजयंतीने विचारलं, नंबर ठेवून त्याचं करणार काय? तो जेवायला वाढ म्हणाला.

खरी गोष्ट अशी की गोरक्षला भीती वाटत होती, आणि ती गुडघ्याची नव्हती.

चराईची रानं बागायतीखाली गेली तेव्हा नवसूने मेंढरं विकली. बिऱ्हाड वाहणारं घोडंही विकलं आणि रिवाजाप्रमाणे त्याचं लोकरीचं दावं घरी आणून खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तसा तो उठला, काठी घेतली, खांद्यावर घोंगडं टाकलं आणि माळाकडे निघाला. पुढं मेंढरू नाही, मागं कुत्रं नाही. वरच्या उतारावरून वळसा घालायचा, दुपारी करंजाखाली बसायचं, उन्हं कलली की घरी. मरेपर्यंत त्याने हा फेरा चुकवला नाही. नवसूबाबा, मेंढरं मोजून आणली का, असं पोरं ओरडायची. गोरक्ष तेव्हा ऐन विशीत. त्याला बापाची लाज वाटायची आणि लाज वाटते याचं वाईट वाटायचं, आणि त्या दोन्हींपायी तो बापाशी या विषयावर कधी एक शब्द बोलला नाही. आता धंदा दिल्यावर आपणही असेच सकाळी उठून कुठंतरी चालू लागू, हे त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

आणि झालंही तसंच, फक्त काठीच्या जागी मोटारसायकल होती.

जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतच राहिले. सुरुवातीला गोरक्ष त्यांना शौर्यचा नंबर द्यायचा. मग नंबर देऊन झाल्यावर, काय झालंय ते तरी सांगा, असं विचारू लागला. मग, जाता जाता बघून जातो म्हणू लागला. वैजयंतीने कुठं निघालात म्हटलं की जरा जाऊन येतो, एवढंच सांगून तो नारायणगावला, नाही तर घोडेगावला. तिथं एखादा कोपरा कापून द्यायचा, पाण्याचा पाईप हलवायचा, शौर्यच्या माणसांना दोन शब्द सुनवायचे. ती माणसं काल-परवापर्यंत त्याचीच, त्यामुळे ती मुकाट ऐकायची. संध्याकाळी घरी आला की गुडघा सुजलेला आणि चेहरा खुललेला असायचा.

शिमग्यानंतर मंचरच्या लॉनवाल्या हौशीरामशेठचा फोन आला. आठवड्यावर मोठं लग्न आहे, गवत फिकं दिसतंय. गोरक्षने युरियाची गोणी मोटारसायकलवर घातली, शेठ लॉनवर नसताना युरिया स्वतःच्या हाताने लॉनभर टाकला, पाणी सोडायला माळ्याला सांगितलं आणि शौर्यला कळवायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. शौर्यच्या माणसांनी आदल्याच दिवशी खत टाकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी लॉन जागोजाग करपलं. ऐन मधोमध, जिथं स्टेज लागणार, तिथं पिवळाजर्द पट्टा उमटला. शेठने शौर्यला चार लोकांत उभं करून जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि माळ्याकडून सगळं कळलेलं असूनही शौर्यने गोरक्षचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गोरक्षच्या दारात आला. चपला काढल्या, तानूबाईच्या पाया पडला, दिलेलं पाणी प्यायला.

"काका, तुमच्या मनात नसंल तर देऊ नका," तो म्हणाला. "आजच टेम्पो दारात आणून लावतो, माझा राग न्हाई. पण एका गवताला दोन धनी नकोत. पाडव्यापर्यंत काय ते सांगा."

तो गेल्यावर गोरक्ष भडकला. कालचं पोर, मला शिकवतंय, असं बरंच काही तो मोकळ्या अंगणाला ऐकवत राहिला. गुडघ्याला पट्टा बांधतो, पण धंदा परत घेतो, असं त्याने जाहीर केलं. आत जाऊन वैजयंतीने भांडी जरा जास्तच जोरात लावली, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात या आवाजाचा अर्थ गोरक्षला सांगावा लागत नव्हता.

तानूबाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. खुंटीवरचं दावं काढून आण, असं तिने सांगितलं. त्याने आणून दिलं. लोकर काळवंडली होती, धुळीने भरली होती.

"हे कशापायी ठेवत्यात, ठावं हाय का तुला?" तिने विचारलं.

"बरकत जाऊ नये म्हनून."

"बरकत दाव्यात कुटं असती रं. पुढचं जनावर बिनदाव्याचं येतं, म्हनून ठेवत्यात. तुझ्या बापानं दावं ठेवलं, पर त्याला परत काय बांधलं न्हाई. मी सांगून दमले. मंग ऱ्हायला फिरत." तिने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "तू काय बांधनार ते आदी सांग. मंग टेम्पो ठेव, न्हाईतर दे."

आईला बापाचं फिरणं डाचत होतं हे गोरक्षला आजपर्यंत माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, ते दुःख आपल्या एकट्याचं.

सकाळी मोटारसायकलला हात न लावता तो पायी माळावर गेला. गुडघ्यामुळे थांबत थांबत गेला. वरचा उतार त्यांचाच, वडिलोपार्जित वरकस तुकडा, हलक्या मुरमाड जमिनीचा. मेंढरं गेल्यापासून तिथं कोणी काही पेरलं नव्हतं. घाणेरी आणि गाजरगवत माजलं होतं. करंजाखाली बापाची बसायची धोंड अजून होती. तो तिच्यावर टेकला आणि समोर बघत राहिला. आपला बाप इथं बसून कशाकडे बघत असेल, हे बघण्याचा त्याचा हा पहिलाच दिवस.

धोंडेच्या सावलीला गवताचे चार-दोन ठोंब होते. वाळलेले, पण बुडाशी जीव असलेले. त्याने एक काडी मोडून वास घेतला आणि ओळखलं. मारवेल. लहानपणी मारवेलीचा पट्टा दिसला की मेंढरं आवरायची नाहीत, बाप काठी आडवी धरून ओरडायचा. आणि एवढी वर्षं लोकांच्या लॉनमध्ये हेच गवत उगवलं की गोरक्ष तण म्हणून मुळासकट उपटून फेकत आला होता. त्याचे पैसेही घेतले होते. त्याला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. बघायला कोणी नव्हतं म्हणून त्याने ते पुसले नाहीत.

तिथून तो सरळ शौर्यकडे गेला आणि त्याला मागं बसवून मंचरला नेलं. हौशीरामशेठसमोर उभा राहून, वरचं खत मी टाकलं होतं, पोराची काही चूक नाही, एवढं सांगितलं आणि शेठला जे बोलायचं ते बोलू दिलं. मग दोघांनी मिळून करपलेला पट्टा काढला आणि नवी हिरवळ आणून बसवली. लग्न लागलं. स्टेजखाली काय आहे ते कोणी वाकून बघितलं नाही.

पाडव्याला आण्णांच्या पडवीत सह्या झाल्या. नंबर गोरक्षकडेच राहिला, पण त्या दिवसापासून त्याच्यावर गिऱ्हाइकाचा फोन आला की तो शौर्यचा नंबर सांगायचा, रामराम म्हणायचा आणि फोन ठेवायचा. काय झालंय, असं विचारायचं नाही, हा नियम त्याला फार जड गेला. पहिले काही दिवस वैजयंती फोन वाजला की शेजारी येऊन उभी राहायची.

चैत्र-वैशाखात दोघांनी उतार साफ केला. गोरक्ष बसून खुरपायचा, कारण वाकणं जमत नव्हतं, आणि वैजयंती त्याला म्हणायची, सहा माणसांचा मालक आता माझ्या हाताखाली आला. आषाढात मारवेलीचे ठोंब लावून झाले. गावातल्या गाईवाल्यांनी आधी चेष्टा केली, मग ठोंब मागून ठेवले. श्रावण सरता सरता उतार गुडघाभर वाढला. गोरक्षने तानूबाईला हाताला धरून, थांबवत थांबवत वर आणलं. त्याचा गुडघा आणि तिचं वय यांची चाल आता सारखीच पडत होती.

तिने एक काडी उपटली, दातांत धरली, चावून बघितली. बराच वेळ ती गवताकडे बघत राहिली. गोरक्षला शाळेतल्या निकालाच्या दिवसासारखं झालं.

"हे खातील," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "पर खानारं कुटं हाय?"

सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला गाय बघायला निघताना त्याने खुंटीवरचं दावं काढलं, अंगणात झटकलं आणि एक टोक वैजयंतीच्या हातात दिलं. दोघांनी ताणून बघितलं. ते मधेच तुटलं. गोरक्ष दोन्ही तुकडे हातात घेऊन उभा राहिला, तसं तानूबाई उंबऱ्यावरून म्हणाली की बघतोस काय, गाठ मार. त्याने गाठ मारली, परत ओढून बघितली. गाईपुरतं होतं.