नाकपुडी बाई

आमच्या बहिऱ्यांच्या शाळेत तेराउची बाईंचं नाव घ्यायचं तर दोन बोटं नाकाशी नेऊन फेंदारायची. झालं नाव.

अर्थात बाईंच्या माघारी. बाईंसमोर हात मांडीवर, असा नियम होता. हातवारे केले की पोरं बोलायला शिकत नाहीत, असं तेव्हाच्या शहाण्या लोकांनी ठरवून टाकलं होतं, आणि बाई त्या नियमाची जपमाळ ओढायच्या. आम्ही पाच-सहा वर्षांची पोरं बुटक्या खुर्च्यांवर अर्धगोल बसायचो आणि बाई आमच्या अंगावर वाकून ओठ वाचायला शिकवायच्या. 'म' आणि 'न'च्या वेळी तर आमचं बोट धरून स्वतःच्या नाकावर ठेवायच्या, थरथर कळावी म्हणून. वर्षभर जे डोळ्यांसमोर, तेच नाव पडणार ना? आम्हा बहिऱ्यांत नावं अशीच पडतात. चामखीळ, टक्कल, दातांतली फट, आम्ही काही म्हणता काही सोडत नाही, आणि त्यावर कुणी रुसतही नाही. पण बाई पडल्या ऐकणाऱ्या. त्यांना कोण सांगणार?

यंदा शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या शरदातल्या मेळाव्याला बाई पहिल्यांदाच आल्या. सून दारात सोडून गेली. वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, आणि दोन्ही कान गेलेले. यंत्र लावलं की नुसता खडखडाट होतो, म्हणाल्या. ओठ मात्र तेच. छापल्यासारखे स्वच्छ, आम्हाला अजून सहज वाचता येतात. आमचे ओठ त्यांना वाचता येतील तर शपथ. मी विचारलं, "चहा घेणार का?" तर म्हणाल्या, "गुडघा आता बरा आहे." जन्मभर आम्हाला ओठ वाचायला लावले, आणि स्वतःला काडीचं येत नाही. मला हसू आवरेना.

मग माझी बाही धरून म्हणाल्या, "फुसाए, घरी आम्ही सहाजण एकत्र जेवायला बसतो. मी वाडग्यात बघून जेवते. पालिकेच्या वर्गात जाऊन थोडी हातांची भाषा शिकलेय. म्हटलं, तुमच्यात तरी चार शब्द कळतील. नाही कळले तर पुन्हा नाही येणार मी. कुणाला ओझं नको."

माझं हसू तिथंच थांबलं. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं.

जेवण वसतिगृहाच्या जुन्या जेवणघरात होतं. ओदेनची पातेली वाफाळत होती, रश्शात शिजलेला मुळा, अंडी, मासळीचे वडे. पण जेवतंय कोण? बहिऱ्यांचं जेवण नेहमी गार होतं, कारण चॉपस्टिक धरल्या की बोलणं बंद. समोर इवाओ. हा शाळेच्याच केशकर्तनाच्या वर्गात शिकला आणि आता गावात दुकान चालवतो. लहानपणापासून नकला करण्यात याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं रिकामा वाडगा उपडा घालून त्याला पोर केलं, त्याच्यावर वाकला, नाक फेंदारलं आणि 'म' शिकवायला लागला. पोर घाबरून मागं मागं सरकतंय, आणि नाकपुडी पुढं पुढं येतेय. अख्खं टेबल हलायला लागलं. मी तर डोळे पुसत होते.

बाईंनी माझा दंड हलवला. "काय झालं?"

आणि माझे हात आपोआप म्हणून गेले, "काही नाही. नंतर सांगते."

एवढी खूण मात्र त्यांना कळली. मान हलवली, ओठांवर हसू आणलं, आणि खाली वाडग्यात बघायला लागल्या.

ते हसू मी ओळखते. नव्या वर्षाला आमच्या घरी सगळे काका जमायचे, हसून हसून लोळायचे. मी आईला विचारायची, काय झालं? आई म्हणायची, नंतर सांगते. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तो 'नंतर' अजून यायचाय. इथल्या प्रत्येकाच्या घरचं हेच रडगाणं. आणि मेली मी तेच बाईंना सांगून बसले. स्वतःचाच राग आला मला.

मी टेबलावर मूठ आपटली. सगळे वळले.

"इवाओ, परत कर. हळू कर. बाईंना कळू दे."

इवाओ पांढरा पडला. "डोकं फिरलंय का तुझं? नाकपुडी सांगू त्यांना?"

"सांग."

"फूल सांगतो. तुमचं नाव कमळ होतं म्हणतो. म्हातारं माणूस आहे, खूश होऊन घरी जाईल."

"घरी 'काही नाही' म्हणायला त्यांची सून आहे. तू खरं सांग."

इवाओनं कपाळाला हात लावला. मग पहिल्यापासून सगळं केलं, मोठमोठ्या खुणांनी, दुकानातल्या ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं. फेंदारलेलं नाक, घाबरलेलं पोर, आणि शेवटी बाईंकडे बोट दाखवून ते नाव. जेवणघरातला एक हात हलेना. सगळे जणू परत सहा वर्षांचे.

बाईंनी दोन बोटं हळूच स्वतःच्या नाकाशी नेली आणि फेंदारली. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, इतके की मला वाटलं रडतायत. कसलं रडणं, बाई हसत होत्या.

"चोरांनो," त्या म्हणाल्या, "तुम्हालाच नावं ठेवता येतात होय? शिक्षकांच्या खोलीत आम्हीही तुम्हाला ठेवली होती."

मग काय, टेबलावर धाडधाड मुठी. सांगा, सांगा. बाईंनी इवाओकडे बोट दाखवलं. "हा पंखा. बंदी असून याचे हात कधी थांबले नाहीत." पंख्याची खूण त्यांनी स्वतः केली, चुकीची, पण सगळ्यांना कळली. इवाओ सगळ्यांना चिमटे काढतो, आज त्याचीच गंमत झाली.

"आणि मी?" मी स्वतःकडे बोट दाखवून विचारलं.

"तू भोंगा."

"भोंगा?"

"बंदरावरचा. तू हसलीस की दोन मजले वर आम्हाला ऐकू यायचं. मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालायचे. मी म्हणायची, राहू दे."

मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घरी मी हसले की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची, एवढंच मला ठाऊक. त्या हसण्याला आवाज असतो, आणि तो कुणाला हवासा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं.

बाईंनी माझा हात हातात घेतला. "मघाशीही हसलीस ना? मी तुझ्याकडे बघत होते. काही ऐकू आलं नाही गं."

"मलाही नाही, बाई," मी म्हटलं, आणि त्यांच्या वाडग्यात गरम मुळा वाढला.