चौथा पॅच

शुभंकरच्या साखरपुड्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे पुणे लांब होतं. दुसरी म्हणजे बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या रत्नाकर अण्णांच्या गोदामात बिलं निघत नव्हती.

अण्णा तयार कपड्यांचे ठोक व्यापारी. घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं, पण घरात मराठी. सत्त्याण्णव साली त्यांनी शुभंकरच्या कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यासाठी एक सर्व्हर. गोदामात एसी एकच, अण्णांच्या केबिनमध्ये. म्हणून सर्व्हरही केबिनमध्ये, आणि बाहेरचे कारकून आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याच्याकडे बिलं मागत बसायचे. मागत बसायचे, हेच खरं. एक बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक समोर जाऊन डोसा खाऊन परत येई.

कंपनीचं म्हणणं होतं, पॅच घाला. म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमधल्या चुका झाकायला पाठवलेली दुरुस्ती. शुभंकरनं तीन घातले होते.

"पॅच म्हणजे ठिगळच ना?" अण्णा म्हणाले. "आमच्यात नव्या सदऱ्याला ठिगळ लावून कुणी विकत नाही हं, इंजिनियरसाहेब."

चिडायचीही सोय नव्हती, कारण मशीन कमालीचं लबाड होतं. शुभंकर समोर बसला की ते बोहल्यावरच्या नवऱ्या मुलासारखं सज्जन. बिलं धडाधड निघत. तो जिना उतरून रिक्षाला हात करतो न करतो, तोच वरून विनोदकुमार नावाचा कारकून हाक मारी, "सर, पुन्हा झोपलं."

आज शुक्रवार. संध्याकाळच्या उद्यान एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन खिशात, साखरपुडा रविवारी, आणि कोरमंगलातल्या ऑफिसातून उमाकांत सरांनी बजावलेलं, "अण्णांनी स्वतः फोनवर 'झालं' म्हटल्याशिवाय रजा नाही." बॅगेत चौथा पॅच.

तो सर्व्हरकडे वळला, तर अण्णांनी मनगट धरलं. "स्वल्प थांबा. आधी कॉफी. हात नका लावू, आता कामात आहे ते."

"कशावरून?"

"पाहा की."

शुभंकरनं पाहिलं. पडद्यावर रंगीत नळ्या फुटत होत्या, वळत होत्या, एकमेकींत गुंतत होत्या. निव्वळ शोभेचा स्क्रीन सेव्हर. माउसला जरा वेळ कुणी शिवलं नाही की सुरू होणारा, आणि शिवताक्षणी गायब होणारा.

"हे कुणी लावलं?"

"मीच. मशीनमध्येच होतं. काळा पडदा पाहून गिऱ्हाइकाला काय वाटेल? बिलं फार साठली की बघा, नळ्या कशा भराभरा धावतात."

शुभंकरनं कॉफीचा पेला खाली ठेवला. सर्व्हर बिचारा जीव तोडून नळ्या काढत होता, आणि उरलेल्या वेळात बिलं. तीन पॅच, त्या तिन्हींसाठी बंद ठेवलेलं गोदाम, उमाकांत सरांच्या शिव्या, सगळं या नळ्यांपायी.

पण हे अण्णांना त्यांच्याच कारकुनांसमोर कसं सांगणार? त्यानं गुपचूप नळ्या बंद केल्या आणि रीतसर चौथा पॅच घातला. बाहेरून विनोदकुमारचा आवाज आला, "सर, निघालं. हेही निघालं."

अण्णा मात्र काळ्या पडद्याकडे पाहत होते. "नळ्या कुठायत? बंद पडलं वाटतं."

"नाही अण्णा. या पॅचनं मशीन मनातल्या मनात काम करतं."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "बोलघेवड्या माणसापेक्षा असं बरं." आणि त्यांनी स्वतःच फोन उचलून उमाकांत सरांना चौथ्या पॅचची अशी काही स्तुती ऐकवली, की शुभंकरला आपण तो लिहिला असावा असं वाटू लागलं. मग रिसीव्हर त्याच्या हातात आला.

"शाब्बास," उमाकांत सर केबिनभर ऐकू येईल असे गरजले. "हुबळीच्या गिऱ्हाइकाची हीच रड आहे. तिथे हाच पॅच दोनदा घातला, काही उपयोग नाही. तुझा हात लागायला हवा."

"सर, माझी रजा. पुणं."

"हुबळी पुण्याच्या वाटेवरच आहे. बसनं जा. काम झालं की तसाच पुढे."

शुभंकरनं अण्णांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "सर, खरं सांगू? पॅचमुळे काहीच झालेलं नाही."

"विनय पुरे," सर म्हणाले. "सासुरवाडीला शोभतो तो, सपोर्टला नाही." आणि फोन ठेवला.

"हुबळीला का?" अण्णा आपुलकीनं म्हणाले. "घाई करू नका हं तिथे. आमच्याकडेही चौथ्या खेपेलाच गुण आला."

शुभंकरनं त्यांच्याच फोनवरून पुण्याचा नंबर फिरवला. साखरपुडा जिच्याशी, त्या कस्तुरीनंच उचलला.

"निघालास?"

"निघतोय. बसनं, हुबळीवरून. तिथलं काम आटोपलं की पुढे."

"आणि ते रविवारी नाही आटोपलं तर?"

शुभंकरनं खिशातलं तिकीट चाचपलं.

"रेल्वेचं रिझर्व्हेशन होतं ना?" ती म्हणाली. "ते अण्णांचं मशीन नीट झालं नाही का अजून?"

"झालं ना," शुभंकर म्हणाला. "म्हणून तर."