मेइमेइची यादी

लाल रंगाच्या दोन लाकडी चंद्रकोरी फरशीवर आपटल्या, किंचित घरंगळल्या आणि आपापल्या सपाट बाजू छताकडे करून स्वस्थ पडल्या.

"हसले!" पिनयू म्हणाली. "आजी, आजोबा पुन्हा हसले."

"हसायला काय झालंय त्यांना?" तुआनआजी खुर्चीतूनच गरजल्या. पितरांच्या देव्हाऱ्यापासून चांगली दहा हात लांब, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून त्या ताठ बसल्या होत्या. "नीट विचार त्यांना. म्हणावं, जेवण झालं का? झालं असेल तर पान उचलतो. तेवढंच विचारायचं. इकडच्या तिकडच्या गप्पा नकोत."

पिनयूने चंद्रकोरी उचलल्या, कपाळाला लावल्या आणि पुन्हा टाकल्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार, दोन्ही फुगीर पडल्या तर नकार. दोन्ही सपाट पडल्या तर पितर हसले, म्हणजे तुमचा प्रश्नच त्यांना रुचलेला नाही, असा कौल. होकार आल्याशिवाय पान हलवायचे नाही आणि पान हलल्याशिवाय घरातल्या कोणी तोंडात घास घालायचा नाही. ताइनानच्या त्या गल्लीत हा नियम कोणाला शिकवावा लागत नसे.

दोन्ही सपाट.

चुइओंग आजोबांचे हे तिसरे वर्षश्राद्ध. दुपारचा एक वाजून गेला होता. टेबलावर उकडलेली कोंबडी, डुकराच्या मांसाचा रस्सा, माशाच्या पोटाच्या तुकड्यांचे सूप, परतलेल्या तांदळाच्या शेवया आणि बांबूचे कोवळे कोंब मांडलेले होते, आणि सगळे गार होत चालले होते. एरवी कौल लावण्याचे काम मुलाचे. पण कारखान्यात यंत्र बंद पडले म्हणून त्याला रजा मिळाली नव्हती. सून लीयुन आणि नात पिनयू या दोघीच सकाळच्या गाडीने शिंचूहून आल्या होत्या.

"आई, काहीतरी राहिलंय," लीयुन म्हणाली. "बिअर उघडलीच नाही बघा आपण!"

बिअर उघडली. पिनयूने सुपातली कोथिंबीर वेचून काढली, कारण आजोबा तिला हात लावत नसत. लीयुनने सोया सॉसची वाटी आणून ठेवली. तीन वेळा कौल टाकला. एकदा नकार आला आणि दोनदा हसू.

"आई, आज तुम्हीच विचारा ना," लीयुन चाचरत म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

"माझं त्यांनी कधी ऐकलंय?" आजी म्हणाल्या. "पिनयू, विचार तुझ्या आजोबांना, आणखी काय हवंय ते."

"तूच विचार की, आजी! समोर तर आहेत. मी काय मेइमेइ आहे, तुमचे निरोप इकडून तिकडे न्यायला?"

लीयुनने मुलीकडे डोळे वटारून पाहिले. पण शब्द सुटून गेला होता, आणि तुआनआजींची पाठ, जी आधीच ताठ होती, ती आणखी ताठ झाली.

एकेचाळीस वर्षे तुआनआजींनी घाऊक मासळी बाजारात माशांचे काटे काढले होते. तिथल्या तळ्यांतल्या चंदेरी माशाला दोनशेच्या वर काटे असतात आणि त्यांतले निम्मे केसाएवढे बारीक. डाव्या हाताच्या बोटाने चाचपायचे आणि उजव्या हातातल्या चिमट्याने ओढायचे. त्यांच्या बाकावरून गेलेला मासा लहान मुलाला डोळे मिटून भरवावा, अशी त्यांची ख्याती. त्र्याहत्तराव्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि एक काटा राहिला. पेजेच्या दुकानात एका म्हाताऱ्याला ठसका लागला, पाणी प्यायल्यावर थांबलाही. पण बाजारात कुजबुज सुरू झाली. ती चुइओंगांच्या कानावर गेली. ते मासळीच्या तळ्यांवरच्या, पाण्यात हवा खेळवणाऱ्या पाणचक्क्या दुरुस्त करणारे, अबोल गृहस्थ. कोणी आपल्या बायकोला ऊठ म्हणण्याआधी तिने आपणहून उठावे, या मायेने ते परस्पर बाजारात गेले आणि मुकादमिणीला सांगून आले, "उद्यापासून ती येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तुआनआजी बाजारात पोचल्या, तेव्हा त्यांच्या स्टुलावर दुसरी बाई बसलेली होती.

"जीभ उचलण्याआधी मला विचारायला हवं होतंत," घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांच्याशी थेट बोललेले ते शेवटचे वाक्य. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्याने जेवू लागल्या.

तळ्यांवरचे हवामान आजोबांना बसल्या जागी कळावे म्हणून पिनयूने त्याच वर्षी, हाक मारली की उत्तर देणारा एक बोलका डबा आणून दिला होता. त्याला हाक मारायची ती "मेइमेइ" अशी, म्हणजे धाकटी बहीण. "मला बहीण नाही," असे आजींनी पहिल्याच दिवशी बजावले. आजोबांनी मात्र तिला घरातच घेतले. आलेल्या-गेलेल्याशी ओळख करून देत, चहा ओतताना आधी तिला विचारत, आणि रात्री तिच्यावर रुमाल टाकत. दिवसभर बोलून दमली असेल म्हणून. अबोला सुरू झाला तसे त्यांनी तिला मध्यस्थ केले.

"मेइमेइ, तिला सांग, रस्सा खारट झालाय."

"मीठ तुमच्या खरेदीच्या यादीत घातलं आहे," मेइमेइ गोड आवाजात म्हणे.

ओट्याशी उभ्या असलेल्या आजी ऐकत आणि तिथूनच गरजत, "मेइमेइ, त्यांना सांग, नळाला पाणी आहे. ओतून घ्या म्हणावं."

"तुमच्या भागातला पाणीपुरवठा सध्या सुरळीत आहे."

मेइमेइला त्यांची घरची बोली येत नसे. म्हणून दोघांनाही शाळेत छड्या खाऊन शिकलेल्या सरकारी भाषेत भांडावे लागे, आणि त्या भाषेत 'कृपया' लावल्याखेरीज वाक्य पुरेच होत नसे. उभ्या आयुष्यात जो माणूस बायकोला कृपया म्हणाला नव्हता, तो आता रोज म्हणू लागला, "मेइमेइ, तिला सांग, कृपया माझा चष्मा कुठे ठेवलाय ते सांग." रविवारी बाजाराला निघताना ते यादी वाचून घेत आणि यादीत आहे ते आणलेच पाहिजे, या शिस्तीने मीठ घेऊन येत. सात महिन्यांत घरात इतके मीठ साठले, की शेजारणी वाटी घेऊन येऊ लागल्या.

एकदा, आजी दाराआड उभ्या आहेत हे ठाऊक नसताना, त्यांनी हळूच विचारले होते, "मेइमेइ, ती आज रागावलीय का गं?"

"याबद्दल मला काही माहिती सापडली नाही."

"मलाही नाही सापडली," आजोबा उसासा टाकून म्हणाले. "पन्नास वर्षं शोधतोय."

हसू फुटू नये म्हणून आजींनी एप्रनचे टोक दातांत धरले. त्या बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी मोठ्याने हसून बाहेर आल्या असत्या, तर सगळे तिथेच मिटले असते. पण उद्या हसू, थोडे अजून जिरू दे त्यांचे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि उद्या हाताशी पुष्कळ आहेत अशीच त्या काळी त्यांची समजूत होती. हेमंतातल्या एका शुक्रवारी चुइओंग तळ्याच्या बांधावर पाणचक्कीचा पट्टा बसवता बसवता बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

पहिली दोन वर्षे कौल मुलाने लावला. आजी मागे उभ्या राहत. देव्हाऱ्यातल्या त्यांच्या तसबिरीशी त्या कधी बोलल्या नव्हत्या. काही सांगायचे असले तर मुलाला म्हणत, "सांग तुझ्या बापाला."

"ती अजून चालते?" पिनयूने खिडकीजवळच्या फळीकडे बोट केले. विणलेल्या रुमालाखाली डबा जागच्या जागी होता. वायर भिंतीत खोचलेली होती आणि धुळीचा कणही नव्हता.

"मी कशाला चालवतेय तिला?"

"मग वीज का जाळतेस, आजी?"

पिनयूने रुमाल उचलला. पोट रिकामे असले की तिला वात्रटपणा सुचे. "मेइमेइ, आजोबांना जेवणात आणखी काय हवंय?"

निळा दिवा गोल फिरला. "याबद्दल मला काही माहिती सापडली नाही. तुमच्या खरेदीच्या यादीत अकरा वस्तू बाकी आहेत. वाचून दाखवू का?"

"तीन वर्षांची यादी!" लीयुनला हसू आले. "बाबांचीच असणार. यातलंच काहीतरी हवं असेल त्यांना. वाच गं बाई, वाच."

"मीठ," मेइमेइ म्हणाली. "मीठ. पाणचक्कीचा पट्टा, मोठा. मीठ. डोळ्यांचे थेंब, संपत आलेत. गुडघ्याचं तेल, ती मागणार नाही, तरी आणायचं."

पिनयूचे हसू अर्ध्यावर थांबले.

"मीठ. तिचे मोजे गच्चीवरून आत घेतले. विजेरीचे सेल. तिला सांग, डॉक्टरकडे कृपया मंगळवारी जाऊ."

मेइमेइ श्वास घेत नाही, त्यामुळे तिला थांबायचे कारण नसते. त्याच गोड आवाजात ती पुढे म्हणाली, "तिला सांग, बोलली नाहीस तरी चालेल, पण जेवताना कृपया समोर येऊन बस. एकट्याला घास उतरत नाही. ही नोंद शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी केली. ही वस्तू यादीतून काढून टाकू का?"

"खबरदार!" तुआनआजी म्हणाल्या. "हात लावशील तर."

"ठीक आहे. वस्तू यादीत ठेवली आहे."

त्या शुक्रवारी सकाळी आजी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खाली आल्या तेव्हा ते निघून गेलेले होते. टेबलावर पेजेच्या दोन वाट्या होत्या, एक रिकामी आणि दुसरी भरलेली. दुसरीवर बशी झाकलेली होती, शेजारी चमचा होता आणि समोरची खुर्ची किंचित ओढून ठेवलेली होती. जास्तीची पेज काढली, नासाडी केली, असे पुटपुटत त्यांनी ती पुन्हा पातेल्यात ओतली होती. निरोप पोचला, तिने ऐकला आणि तरीही ती आली नाही, असे समजून तो माणूस तळ्यावर गेला होता.

लीयुन उठली. "सूप अगदीच गार झालं. पिनयू, चल, जरा गरम करू."

"पण आई, पान हलवायचं नाही ना?"

"पातेल्यात उरलंय ते गरम करू. चल म्हणते ना!" असे म्हणून तिने मुलीला दंडाला धरून आत नेले आणि दार लोटून घेतले.

तुआनआजी उठल्या. खुर्ची जड होती. कोणाला हाक न मारता त्यांनी ती स्वतः ओढत नेली, आणि टेबलाच्या अलीकडे, तसबिरीच्या बरोबर समोर ठेवली. एप्रन सोडून त्याची घडी घातली. केसांवरून हात फिरवला. मग बसल्या.

तसबिरीतले चुइओंग जरा दचकल्यासारखे दिसत. फोटो काढून घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

"अहो," आजी म्हणाल्या. तीन वर्षे आणि सात महिने हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. "अहो, मी आलेय. समोर बसलेय. मला निरोप आत्ता मिळाला."

आयुष्यभर त्यांनी हुकूम सोडले होते. कबुलीची त्यांना सवय नव्हती.

"यायला उशीर झाला माझा," त्या शेवटी म्हणाल्या. "जेवलात का?"

त्यांनी चंद्रकोरी ओंजळीत धरल्या आणि सोडल्या. त्या पडल्या, एक गिरकी घेऊन थांबल्या. एक सपाट आणि एक फुगीर.

लख्ख होकार होता. जेवण झाले, तृप्त झालो, आता पान उचला आणि मला निघू द्या.

आजी त्या दोन लाकडी तुकड्यांकडे पाहत राहिल्या. टेबलाच्या पलीकडे सुपाची वाटी, बिअरचा पेला आणि जेवणाच्या काड्या त्यांनी सकाळी मांडल्या तशाच होत्या. उदबत्तीची राख वाकून गळायच्या बेतात आली होती.

आतून पिनयूचा आवाज आला. "आजी! झालं का गं? पोटात कावळे ओरडतायत!"

एकेचाळीस वर्षांत वजनात किंवा शब्दात एकदाही खोटेपणा न केलेल्या तुआनआजींनी वाकून त्या चंद्रकोरी उचलल्या आणि मूठ घट्ट मिटली.

"नाही अजून," त्या दाराकडे न वळता म्हणाल्या. "जेवतायत. सावकाश जेवायची सवय आहे त्यांना."

आणि पुडीतून नवी उदबत्ती काढून त्यांनी ती संपत आलेल्या उदबत्तीवर पेटवून घेतली.