देवाजीचा पाय आणि डॉक्टरांची गाडी

देवाजीचे पाय मोठे होते. नुसते लांब नव्हे, रुंदही. भाताच्या बांधीच्या चिखलात त्याचं पाऊल उमटलं की मागून येणारा माणूस घटकाभर थांबून बघे. लहानपणी रोवणीच्या दिवसांत त्याची आई त्याला शेताच्या काठच्या धुऱ्यावरच बसवून ठेवी. हा आत उतरला तर लावलेले पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, तुडवून टाकेल म्हणे. लढाईच्या काळात तो फौजेत ट्रक चालवायला गेला, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आला, पण त्याच्या मापाचा बूट काही फौजेला सापडला नाही. ट्रकचं मात्र त्याच्या पायांशी कधी भांडण झालं नाही. ट्रकचे पेडल एकमेकांपासून चांगले ऐसपैस असत, आणि तिथं असाच पाय लागे.

परत आल्यावर तो आलापल्लीच्या जंगलात बांबूच्या गाड्या चालवू लागला. लग्नासाठी दोन ठिकाणी मुलगी बघायला गेला. दोन्हीकडे त्यानं दारात वहाणा काढल्या आणि दोन्हीकडे आतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या ठिकाणी तो गेलाच नाही. तिशी उलटली तरी एकटाच राहिला, आणि त्याबद्दल तो कुणाजवळ काही बोलतही नसे.

मग एका पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत कुणीतरी त्याला चांद्याला नानाजी डॉक्टरांकडे आणून टाकलं. नानाजींनी त्याला आपल्याच पडवीत ठेवून घेतलं, आणि त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, त्याला चमच्यानं पेज पाजली. तो उठून बसला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता जंगलात परत गेलास तर पुढच्या तापाला मी जबाबदार नाही. त्यापेक्षा इथंच राहा आणि माझी गाडी चालव.

डॉक्टरांना ड्रायव्हर हवाच होता. त्यांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसे, रोग्याचा चेहरा दिसे, पण बाजूचं दिसेना. वाटेत उजवीकडून येणारी बैलगाडी अंगावर आल्यावर कळे. मूल, सावली, गडचिरोली, या गावांपैकी जिथं ज्या दिवशी बाजार असेल तिथं ते रोगी बघायला जात आणि ते त्यांना सोडवत नव्हतं.

गाडी विलायती होती, लढाईच्या आधीची, दोन दारांची, हिरव्या रंगाची. जंगल खात्यातला एक गोरा साहेब मायदेशी परतताना डॉक्टरांना देऊन गेला होता. डॉक्टर स्वतः तिला फडक्यानं पुसत. मूल नसलेल्या त्या घरात त्या गाडीचा लाड मुलासारखा होई. डोळे जरा निवळले की मी पुन्हा चालवणार, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या रोगात डोळे निवळत नाहीत हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण तसं त्यांना कुणी म्हणत नसे.

देवाजी पहिल्यांदा त्या गाडीत बसला आणि त्यानं खाली बघितलं. गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला टेकले. डावा पाय क्लचवर ठेवला तर तो उचलून ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. आणि उजवीकडे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असे चिकटून बसले होते, जशा जत्रेत हरवायच्या भीतीनं दोन बहिणी बसाव्यात. त्यानं ब्रेक दाबला की अर्धं पाऊल ॲक्सिलरेटरवरही पडे. गाडी थांबायची म्हणून गुरगुरे आणि जायची म्हणून अडखळे.

वर आणखी बूट. ड्रायव्हर अनवाणी शोभत नाही म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम चांभाराला बसवून त्याच्या मापाचे काळे बूट करवून घेतले होते. जन्मात पहिल्यांदा देवाजीला पायात बसणारे बूट मिळाले होते, तेही अशा माणसाकडून ज्यानं त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. ते घालून चालवता येत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? एकटा गाडी धुवायला तळ्यावर नेई तेव्हा तो बूट काढून चालवी आणि पाऊल तिरपं धरून कसंबसं जमवी. डॉक्टर शेजारी बसले की बूट घालून, अंगठ्याच्या टोकावर सगळा भार घेऊन, जीव मुठीत धरून चालवी. रात्री पोटऱ्या भरून येत.

डॉक्टर त्याला एवढंच म्हणत की देवाजी, तुझा हात चांगला आहे पण गाडी फार हिसके देते. देवाजी म्हणे, रस्ता खराब आहे साहेब. आणि रस्ता खराब होताच.

पौष महिना होता. धान निघालं होतं, बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवं पसरलं होतं. डॉक्टर सावलीच्या बाजाराला निघाले होते, आणि त्या दिवशी रुखमाबाईही मागे बसल्या होत्या, त्यांना तिकडच्या मैत्रिणीला भेटायचं होतं. सावलीच्या अलीकडे एका गावाजवळ रस्ता नाल्यात उतरतो. उतार लागला, समोर नाल्यात बायकापोरांनी भरलेली एक बैलगाडी पाण्यातून चढत होती, आणि देवाजीनं ब्रेकवर पाय टाकला.

बूट ब्रेकच्या पट्टीखाली गेला आणि तिथंच रुतला. ब्रेक लागेना, पण बुटाचं टोक ॲक्सिलरेटरवर घट्ट बसलं. गाडी बैलासारखी उधळली. देवाजीनं पाय ओढला, येईना. हाताचा ब्रेक ओढला, तो नावालाच होता. नाल्यातल्या बायकांनी मान वर केली, तेवढे चेहरे त्याला दिसले. डावीकडे धुरा फुटलेला होता आणि आत बांधीत तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग रचून ठेवला होता. त्यानं चाक फिरवलं, लाखोरीतून सरळ गेला आणि गाडी ढिगात घातली.

सगळं पिवळं झालं. मग अंधार. आतल्या आत इंजिन अजून घोंघावत होतं, ते त्यानं चाचपून किल्लीनं बंद केलं. शेजारी डॉक्टर खोकत होते. मागून रुखमाबाईंनी विचारलं, सगळे आहेत का? सगळे होते. कुणाला खरचटलंही नव्हतं.

बाहेर कुणीतरी तणस उपसत होतं. दाराशी उजेड पडला आणि एका बाईचा चेहरा आत डोकावला. ती रंभा, त्या तणसाची आणि त्या लाखोरीची मालकीण. नवरा वारल्यावर ती बापाच्या गावी परतली होती, आणि बाप गेल्यावर त्याची शेती एकटीच दोन बैलांवर करत होती. कष्टानं रचलेला ढीग विस्कटला म्हणून ती भांडायच्याच तयारीनं आली होती. पण आत एक धिप्पाड माणूस घामानं चिंब होऊन आपला पाय ओढतो आहे आणि पाय काही निघत नाही, हे बघून तिनं भांडण बाजूला ठेवलं.

"वढू नका, भाऊ," ती म्हणाली. "घुमवा. बैलाचा खूर फटीत अडकला तं आमी असाच काढतो."

तिनं खाली वाकून बुटाची नाडी सोडली, टाच धरली आणि पाय फिरवून बाहेर काढला. बूट आतच राहिला. देवाजीचा उघडा पाय तणसावर पडला. सवयीनं त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसली नव्हती. ती पेडलांकडे बघत होती, मग पायाकडे, मग पुन्हा पेडलांकडे.

"हे कोणासाठी बनवलं हाय?" तिनं विचारलं. "पोरासाठी?"

नाल्यातल्या गाडीचे बैल सोडून आणून लोकांनी डॉक्टरांची गाडी मागे ओढली आणि रंभाच्या अंगणात आणून लावली. एक दिवा चेपला होता, बाकी तणसानं सांभाळून घेतलं होतं. रंभानं सगळ्यांना अंगणात बसवून गुळाचा चहा दिला. मग डॉक्टरांनी देवाजीला विचारलं आणि देवाजीनं सगळं सांगितलं. पेडलांचं, बुटांचं, तळ्यावरचं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. आपली नोकरी गेली असं त्यानं धरलंच होतं.

डॉक्टरांना राग आला होता खरा, पण कशाचा ते त्यांनाही कळेना. मला आधी काऊन नाही सांगितलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. गावात जंगू लोहार होता. त्यानं गाडीत डोकावून सांगितलं की ॲक्सिलरेटरची दांडी तापवून गाडीच्या भिंतीकडे वळवता येईल आणि ब्रेकच्या पट्टीचा काठ तासता येईल. डॉक्टर एकदम नाही म्हणाले. गाडीला हात लावायचा नाही. उद्या मला चालवायची झाली तर सगळं जसंच्या तसं पाहिजे.

रुखमाबाईंनी कप खाली ठेवला.

"माणसाचा पाय नाई वाकत," त्या म्हणाल्या. "लोखंड वाकते. अन् तुमी आता चालवणार नाई, हे तुमाले बी मालूम हाय."

देवाजीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण डॉक्टर चिडले नाहीत. ते उठले, गाडीपाशी गेले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि दार लावून घेतलं. दोन्ही हात चाकावर ठेवून ते समोर बघत राहिले. त्यांचे छोटे पाय पेडलांवर नेमके बसत होते. अंगणातल्या कोंबड्या गाडीखाली जाऊन दाणे टिपून आल्या तरी ते बसूनच होते. मग ते उतरले, दार हळूच लावलं आणि देवाजीला म्हणाले, "काढ दांडी."

देवाजीनं पाने-पक्कड घेऊन दोन्ही पेडल सोडवले. जंगूचा भाता संध्याकाळपर्यंत चालला. मध्ये दोनदा दांडी बसवून देवाजीनं पाय ठेवून बघितला, दोनदा पुन्हा काढली. सावलीचा बाजार हुकला, पण गावातले रोगी आपणहून अंगणात आले आणि डॉक्टरांनी तिथंच बाज टाकून त्यांना तपासलं. रंभानं भात आणि वरण रांधलं. जेवताना रुखमाबाईंनी तिची सगळी चौकशी केली, अगदी कुळ-गोत्रासकट, आणि देवाजीला ते ऐकू यावं इतक्या मोठ्यानं केली.

परतताना देवाजीनं उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. नुसती थांबली, गुरगुरणं नाही, अडखळणं नाही. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. डॉक्टर म्हणाले, आता खेळतोस काय? पण त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं.

पुढच्या सुट्टीला देवाजी मिळेल त्या ट्रकवर बसून त्या गावी गेला आणि दिवसभर राबून तणसाचा ढीग नव्यानं रचून दिला. तणस तुडवून घट्ट बसवायला पाहिजे असतं. रंभा खालून पेंढ्या फेकत होती आणि तो वर उभा राहून तुडवत होता. एवढा घट्ट ढीग गावात कुणाचाच बसला नाही, असं ती म्हणाली. लाखोरीचं नुकसान भरून द्यायचं म्हणून तो त्याच्या पुढच्या सुट्टीलाही गेला. त्याच्या पुढच्या वेळी जायला काही कारणच उरलं नव्हतं, तरी गेला. तेव्हा बोलताना तिनं त्याला भाऊ म्हटलं नाही, हे घरी परतल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि मग त्याला झोप लागेना.

वैशाखात त्यांचा पाट लागला, विधवेचं दुसरं लग्न लागतं तसा. रुखमाबाईंनीच बोलणी केली होती. शेती सोडायची नाही असं रंभानं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून पावसाळ्यापासून धान निघेपर्यंत ती गावी राही आणि पुढं चांद्याला येई. देवाजीला ते चाललं. रोवणीच्या वेळी डॉक्टर त्याला आठ दिवस सोडत आणि स्वतः घरीच रोगी बघत.

एकदा अशा रोवणीच्या दिवसांत तो धुऱ्यावर उभा होता. बांधीत रांगेनं बायका वाकल्या होत्या, गाणं चाललं होतं. रंभानं मान वर करून विचारलं, उभे काऊन राह्यले? पऱ्हे तुडवीन, तो म्हणाला.

"तुडवले तं पुन्हा लावू," ती म्हणाली. "या."

देवाजीनं धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरला.