महालिंगप्पाचं शंभर ग्रॅम

एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढल्यावर तात्याराव रिटायर झाले आणि साबण करायला लागले. लोहाऱ्यात रिटायर झालेली माणसं सहसा शेतात बोअर पाडतात नाहीतर निवडणुकीला उभी राहतात, त्यामुळं सुरुवातीला लोकांना ते काही पटेना. साबण दुकानात मिळतो, हे सांगायला चार-पाच जण घरीसुद्धा येऊन गेले. तात्यारावांनी प्रत्येकाला चहा पाजला, मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला आणि वाटेला लावलं.

साबणाचं काम तसं सरळ आहे. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळायचं, घोटायचं, साच्यात ओतायचं आणि पाच आठवडे गप बसायचं. फक्त सोडा बरोबर पडला पाहिजे. कमी पडला तर साबण चिकट राहतो, जास्त पडला तर माणसाचं कातडं निघतं. तेल ते घाण्यावरून मोजूनच आणत, सातशे ग्रॅम करडईचं आणि तीनशे खोबरेल. त्याला सोडा लागायचा एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम, आणि तो मोजायला प्रसेनजितनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, पुण्याहून तळहातावर मावेल एवढा डिजिटल काटा पाठवून दिला.

खोक्यात फोमला दोन खाचा होत्या. चौकोनी खाचेत काटा होता. गोल खाच रिकामी होती. तात्यारावांनी फोन लावला.

"जयभीम, बाबा. त्या गोल खाचेत शंभर ग्रॅमचं वजन असतंय. विसरले असतील टाकायला. तुम्ही गावात कुठूनतरी आणा."

"कशाला लागतं ते?"

"काट्याला शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा दाखवावं लागतं. बटण दाबून धरा, शंभर लुकलुकाया लागलं की वर वजन ठेवा. मग तो ध्यानात ठेवतो."

"आन वजनच चुकीचं असलं तर?"

"तर तो तेच बरोबर धरून चालतो."

तात्यारावांच्या हाताखाली असे दोन कंडक्टर होऊन गेले होते. त्यांना मुद्दा लगेच समजला.

वजनासाठी ते कोपऱ्यावरच्या महालिंगप्पाकडं गेले. महालिंगप्पा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. साखर, ज्वारी असा मोठा माल तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजायचा, पण चहापत्ती, जिरं, वेलदोडे अशा सुट्या बारक्या मालाला अजून त्याच्या वडिलांची पितळी तागडी होती आणि वडिलांचीच लोखंडी वजनं होती. सरकारी शिक्क्याचा नवा संच गल्ल्याखाली डब्यात झोपलेला असायचा. मोजण्यात महालिंगप्पा असा कडक, की पारडं समान यावं म्हणून वेलदोडा सोलून त्यातले अर्धे दाणे परत बरणीत टाकताना त्याला लोकांनी बघितलेलं होतं. त्याच्या वजनावर शंका घ्यायचं तात्यारावांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"संध्याकाळपतोर परत आण," महालिंगप्पा वजन देत म्हणाला. "आन धुऊ नको. झिजतंय."

तात्यारावांनी बटण दाबलं, वजन ठेवलं, काट्यानं 'पास' असं लिहून दाखवलं. पहिला साबण झाला. पाच आठवडे झाले. वड्या कापल्या तेव्हा मे महिना निम्म्यावर आला होता. पहिली वडी शेजारच्या पंचाक्षरी मास्तरांना दिली, कारण साबण दुकानात मिळतो हे सांगायला ते दोनदा आले होते.

मास्तरांनी त्या साबणानं दाढी केली. पुढचे तीन दिवस ते तोंडाला मफलर गुंडाळून फिरले. बेचाळीस डिग्रीत मफलर का, असं कुणी विचारलं की ते मफलरातूनच तात्यारावांच्या घराकडं बोट करायचे.

मथुराबाईंनी, म्हणजे तात्यारावांच्या बायकोनं, उरलेल्या वड्या मोरीच्या वरच्या फळीवर, उंदराच्या औषधाशेजारी नेऊन ठेवल्या.

तात्यारावांनी रीतसर चौकशी लावली. सोडा ताजा होता. तेल घाण्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत मोजलं होतं. राहिला काटा. मेडिकलमधून त्यांनी दहा मिलीची सिरिंज आणली. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, एवढं त्यांना शाळेतलं आठवत होतं. वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाच सिरिंज पाणी सोडलं. पन्नास यायला पाहिजे होते, अठ्ठेचाळीसही पुरते येईनात. त्यांनी वाटी पुसून पुन्हा केलं. सहा वेळा केलं. मथुराबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"अवो, पाणीच पाजायचंय तर त्या कुंडीला पाजा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तात्याराव काटा रुमालात बांधून सिद्धेश्वर सोनाराच्या दुकानात गेले. सोनाराची वजनं दरवर्षी तपासून शिक्का मारून येतात. सिद्धेश्वरनं वजन दुकानाबाहेर द्यायला नकार दिला, पण पंखा बंद केला, दार लोटलं आणि आपलं पितळी शंभर ग्रॅम चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवलं. काट्यानं शहाण्णव दाखवले. वर पंधरा पॉइंट.

"काका, तुमच्या काट्याला कुणीतरी चुकीचं शिकवलंय," सिद्धेश्वर म्हणाला.

तिथंच त्यांनी काटा नव्यानं लावून घेतला. मग घरी जाता जाता महालिंगप्पाकडून ते वजन पुन्हा मागून आणलं आणि ठेवून बघितलं. एकशे चार. त्यांनी वजन उलटं केलं. अशा वजनांना खालून एक खळगा असतो. ह्याचा खळगा काठोकाठ भरलेला होता. काळं, कडक, डांबरासारखं काहीतरी. तात्यारावांनी नखानं खरवडून वास घेतला. गूळ होता. थोडी हळद होती, आणि हिंगाचाही वास होता.

"म्हणजे बघ," ते मथुराबाईंना म्हणाले, "आप्पा शंभर म्हणून एकशे चार देतोय. लोहाऱ्यातला सगळ्यात चिकट माणूस."

मथुराबाईंनी भाजी चिरायची थांबवली. "तरीच. त्याच्याकडची पत्ती पुरती, म्हणून सगळी गल्ली तिथंच जाती."

"सांगावं लागंल त्याला."

"काय गरज हाय? त्याला ठाव न्हाय, तो खूश हाय. आमाला पत्ती पुरती, आमी खूश हाव."

तात्यारावांनी रात्रभर विचार केला नाही, पाचच मिनिटं केला. दोन मिनिटं उशिरा आलेली गाडी त्यांनी एकतीस वर्षं दोन मिनिटं उशिरा म्हणूनच लिहिली होती. वजन आणि काटा घेऊन ते चप्पल घालून निघाले.

महालिंगप्पानं सगळं ऐकून घेतलं. काट्यावरचे एकशे चार बघितले. वजन उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा बघितलं.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"ते काटा सांगत न्हाय."

"बाबाच्या टायमाला एवढं नसंल?"

"थोडंथोडं साचत गेलं असंल."

महालिंगप्पा बराच वेळ बरण्यांकडं बघत बसला. प्रत्येक बरणीवर त्याची नजर थोडी थोडी थांबत होती. मग त्यानं खिळा घेतला आणि खळगा कोरायला सुरुवात केली. चिवट काम होतं. निघालेला गूळ त्यानं कागदावर घेतला, टाकावा की ठेवावा हे न सुचून कागदाची पुडी केली आणि गल्ल्यात ठेवली. वजन गरम पाण्यात बुडवून पुसलं. काट्यावर बरोबर शंभर आले.

"झालं," तात्याराव म्हणाले.

"व्हय," महालिंगप्पा म्हणाला. त्यानं त्यांना चहा विचारला नाही.

पंधरा दिवस गेले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. आप्पा काटा मारतोय. एवढी वर्षं माणूस सरळ होता, आता म्हातारपणी बिघडला. हरणाबाई तर आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुकानात भांडायला उभी राहिली. ती धनगरवाड्यावरची, दर आठवड्याला शंभर ग्रॅम पत्ती न्यायची, स्वतःच्या स्टीलच्या डब्यात. डब्याला एका बाजूनं पोचा आलेला होता आणि पत्ती बरोबर त्या पोच्यापर्यंत यायची.

"आता बगा," ती डबा पुढं करत म्हणाली. "नखभर खाली हाय. दोन हप्ते झालं बगतीया."

महालिंगप्पानं पोरगं न पाठवता स्वतः जाऊन तात्यारावांचा काटा आणला. पत्ती त्यावर मोजून दाखवली. शंभर.

"त्यो काटा कुणाचा?" हरणाबाईनं विचारलं.

"तात्याचा. माझा दोस्त."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून चौकातल्या नव्या दुकानाकडं निघून गेली. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या.

त्या दिवशी दुपारी महालिंगप्पा दुकान ओढून तात्यारावांच्या घरी आला. हातात पाव किलो चहापत्तीची पिशवी होती. तो चिडलेला दिसत नव्हता. चिडायला नेमकं कुणावर, हे बहुतेक त्याचं ठरलं नव्हतं.

"गूळ परत भरू का?" त्यानं विचारलं.

"कशाला? शिक्क्याचं वजन घे आन वरून चार ग्रॅम हातानं टाक. लोकांना दिसंल तरी."

"जाणूनबुजून?"

"व्हय."

महालिंगप्पानं डोळे मिटले. मथुराबाईंनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "चार ग्रॅम म्हंजे किती चिमटी?"

तात्यारावांनी काटा काढला, वाटी ठेवली, शून्य केलं. महालिंगप्पानं पिशवीत हात घालून चिमटी टाकली. शून्य पॉइंट चार.

"आप्पा, ही चिमटी न्हाय. तीन बोटं लाव."

तीन बोटांनी शून्य पॉइंट सात आलं. त्याच्या बोटांचा दोष नव्हता. चिमटी पिशवीतून निघताना भरलेली असायची, पण वाटीवर येईपर्यंत अंगठा आपोआप मागं सरकायचा आणि निम्मी पत्ती परत पिशवीत पडायची. पन्नास वर्षांची सवय होती. तात्याराव प्रत्येक आकडा वहीत लिहीत होते. शून्य नऊ. शून्य आठ. एक पॉइंट एक. मधे वीज गेली, पण काटा सेलवर होता. चार वाजेपर्यंत महालिंगप्पाची चिमटी एक पॉइंट तीनवर स्थिर झाली. लागोपाठ दहा वेळा टाकून घेतली, दहाही वेळा एक पॉइंट तीनच्या आसपास.

"तीन चिमट्या," तात्यारावांनी निकाल दिला. "पास."

महालिंगप्पा घामाघूम झाला होता. त्यानं पत्तीची पिशवी उचलली, वाटीतली पत्ती आठवणीनं तिच्यात ओतली आणि गेला.

तात्यारावांचा दुसरा साबण जुलैत तयार झाला. चांगला झाला. मथुराबाईंनी आधी पायाला लावून बघितला, मग हाताला, आठ दिवसांनी तोंडाला. पंचाक्षरी मास्तरांनी वडी घेतली, छान वास आहे म्हणाले आणि कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवून दिली.

महालिंगप्पाचं नाव मात्र तेवढ्यात लोहाऱ्यात फार मोठं झालं. शंभर ग्रॅम मोजून झाल्यावर, पारडं समान आल्यावर, आप्पा वरून तीन चिमट्या टाकतो, असं बायका एकमेकींना हात करून दाखवू लागल्या. माणूस दिलदार झाला. गेलेल्या तिघीही परत आल्या. असा लौकिक त्याच्या घराण्यात आधी कुणाला मिळाला नव्हता, आणि प्रत्येक चिमटीला त्याचा चेहरा दाढ काढताना होतो तसा होत होता, हे फक्त तात्यारावांना दिसत होतं.

हरणाबाई श्रावणातल्या पहिल्या बाजाराला आली. महालिंगप्पानं पत्ती मोजली, डब्यात ओतली. एक चिमटी टाकली. दुसरी टाकली. तिसरी टाकली. पत्ती पोच्याला टेकली.

हरणाबाईनं डबा मागं घेतला नाही. ती झाकण हातात धरून महालिंगप्पाच्या बोटांकडं बघत तशीच उभी राहिली.